दरड कुठवर येईल?

११ सप्टेंबर १८८१, रविवार. स्वित्झर्लंडच्या ग्लारूस परगण्यातल्या एल्म या गावात त्या दिवशी दुपारनंतर लोक घराबाहेर येऊन समोरच्या डोंगराकडे बघत उभे होते. त्या डोंगरात पाटीच्या दगडाची खाण होती. शाळेत मुलं लिहितात त्या पाट्या इथल्या दगडाच्या बनत आणि परदेशी जात. दगड काढता काढता डोंगराचा पायाच पोखरला गेला होता. वर लांबलचक भेग पडली होती आणि तिच्यात पावसाचं पाणी मुरत होतं. आदल्याच दिवशी जाणकारांनी जागेची पाहणी करून लगेच काही धोका नाही, असं सांगितलं होतं.

पाचच्या पुढे पहिली दरड आली, थोड्या वेळानं दुसरी. दोन्ही त्या मानानं लहान होत्या. काहीजण अडकलेल्यांच्या मदतीला धावले, काही समोरच्या चढावर सुरक्षित जागा गाठायला निघाले. मग डोंगराचा उरलेला भाग सुटला. खाणीच्या सपाट जागेवर आदळून तो लोंढा पुढे उडाला; त्याच्या खालून पलीकडचं दिसत होतं, असं पाहणाऱ्यांनी नंतर सांगितलं. खाली आल्यावर तो समोरच्या चढावर चढला, तिथं वळला आणि दरीच्या अंगानं एक किलोमीटरहून जास्त अंतर गावावरून गेला. हे सगळं एका मिनिटाच्या आत घडलं. सुमारे एक कोटी घनमीटर दगड खाली आला होता. ११५ माणसं गेली. त्यांत समोरच्या चढावर पळालेलेही होते.

डोंगर सुटणार हे एल्मच्या लोकांना कळलं होतं. तो कुठवर येणार, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि जीव त्यापायी गेले. दरडींच्या अभ्यासात मला हा भेद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘उतार सुटेल का’ हा एक प्रश्न आणि ‘सुटलाच तर माल कुठवर, किती वेगानं, किती जाडीनं येईल’ हा दुसरा. पहिल्यावर आपण बरंच बोलतो. वाडी वाचणार की जाणार, हे दुसऱ्यावर ठरतं.

एल्मला झुरिकहून आल्बेर्ट हाइम हे भूशास्त्राचे प्राध्यापक आले. त्यांनी वाचलेल्या लोकांना गाठून प्रत्येकाला काय, कुठून, कोणत्या क्रमानं दिसलं ते विचारून घेतलं आणि ढिगारा मोजला. कोरडा दगड पाण्यासारखा वाहत गेला होता. तरीही डोंगरावर जो थर मागे होता तो ढिगाऱ्यातही साधारण मागेच राहिला होता. ढिगाऱ्याची कड इतकी स्पष्ट होती, की एक घर गाडलं गेलं आणि शेजारचं शाबूत राहिलं.

हाइमनी एक साधी रेषा काढली. वर जिथून डोंगर सुटला त्या सर्वांत उंच बिंदूपासून खाली ढिगाऱ्याच्या टोकापर्यंत सरळ रेषा ओढायची आणि तिचा आडव्याशी होणारा कोन मोजायचा. एल्मला हा कोन १६ अंशांच्या आसपास निघाला. खडी किंवा डबर ओतलं तर त्याचा ढीग तीस अंशांच्या पुढच्या उतारावर स्थिर होतो. म्हणजे कोरड्या दगडाच्या घर्षणाचा हिशेब लावून दरड जिथं थांबायला हवी होती, तिथून बरीच पुढे ती गेली होती.

हा कोन म्हणजे खरं तर एक भागाकार आहे: दरड जितकी खाली आली ती उंची भागिले ती जितकी पुढे गेली ते आडवं अंतर. समजा, २०० मीटर उंचीचा डोंगर आहे. गुणोत्तर ०.६ धरलं तर दरड साधारण ३३३ मीटर पुढे जाते. ०.३ धरलं तर ६६७ मीटर. ०.१ धरलं तर दोन किलोमीटर. डोंगर तोच आणि मातीही तीच, तरी एका आकड्यानं पायथ्याचं घर वाचतं किंवा ओढ्यापलीकडची शाळासुद्धा जाते. दरडीच्या धोक्याचं सगळं गणित या आकड्यापाशी येऊन अडतं.

हीच रेषा वेगाचा अंदाजही देते. एखाद्या जागी जमीन या रेषेच्या जितकी खाली असेल तितकी ऊर्जा घर्षणात खर्च न होता शिल्लक आहे, असं धरायचं. जमीन रेषेच्या २० मीटर खाली असेल तर वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर निघतो. दरडींच्या वर्गवारीत सेकंदाला ५ मीटरच्या वरची दरड ‘अतिवेगवान’ गणली जाते. हा वेग ताशी १८ किलोमीटर होतो आणि चिखलात, अंधारात, मूल कडेवर घेऊन तो कुणालाच गाठता येत नाही. अशा दरडीपुढे पळण्याचा सल्ला निरुपयोगी असतो. तिच्या वाटेत त्या रात्री माणूस नसणं, हा एकच उपाय.

पुढच्या शंभर वर्षांत जगभरच्या दरडींचे असे कोन गोळा झाले. दरड जितकी मोठी तितका हा कोन लहान आणि ती तितकी लांब जाते, असं त्यातून दिसलं. पण आलेखावरचे बिंदू रेषेभोवती फार विखुरलेले आहेत. एकाच आकारमानाच्या दोन दरडींच्या पल्ल्यांत दुपटीचा फरक सहज पडतो. शिवाय सरळ रेषेला वळण कळत नाही. दरी कुठे अरुंद होते, लोंढा कोणत्या ओढ्यात शिरतो, कुठे पसरून पातळ होतो, यातलं ती काहीच सांगत नाही. त्यासाठी लोंढा पावलापावलानं चालवून बघावा लागतो.

त्या दिशेचं पहिलं मोठं पाऊल बर्फाच्या निमित्तानं पडलं. १९५०-५१च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये हिमलोटांनी हाहाकार केला. त्यानंतर १९५५ साली अडॉल्फ व्होल्मी या स्विस इंजिनिअरनं लोटाला होणारा विरोध दोन भागांत मांडला. पहिला साध्या घर्षणाचा. तो वजनावर अवलंबून असतो आणि वेग वाढला तरी बदलत नाही. दुसरा वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. पहिला भाग लोट कुठे थांबेल ते ठरवतो, दुसरा तो जास्तीत जास्त किती धावेल ते. दोन आकडे दिले की लोट डोंगराच्या खऱ्या उतारावरून उतरवता येतो. १९८९मध्ये स्टुअर्ट सॅव्हेज आणि कोलुंबान हुटर यांनी सुट्या कणांच्या लोंढ्यासाठी समीकरणं मांडली. उथळ पाण्याच्या प्रवाहासाठी आधीपासून वापरात असलेल्या गणितात त्यांनी दाणेदार मालाचा दाब बसवला. लोंढ्याची जाडी लांबी-रुंदीच्या मानानं फार कमी असते. म्हणून खोलीभर सरासरी काढायची आणि प्रत्येक ठिकाणी ‘जाडी किती, वेग किती’ एवढंच क्षणाक्षणाला मोजत जायचं. आजची बहुतेक मॉडेलं याच पायावर उभी आहेत.

मग कॅनडातले ओल्ड्रिख हुंगर आले. १९९५मध्ये त्यांनी ‘डॅन’ हे मॉडेल मांडलं. त्यामागचा विचार मला फार प्रामाणिक वाटतो. दरडीत दगड, माती, पाणी, झाडं, सगळंच असतं आणि आत नेमकं काय चालतं ते कुणी बघितलेलं नसतं. तेव्हा तिच्या जागी एक काल्पनिक द्रव घ्यायचा. त्याचे गुण प्रयोगशाळेत मोजायचे नाहीत, होऊन गेलेल्या दरडींवरून ठरवायचे. जुनी दरड संगणकावर पुन्हा सोडायची आणि ढिगारा खऱ्या जागी, खऱ्या जाडीनं थांबेपर्यंत आकडे बदलत राहायचे. एकीचा आकडा हाती आला की दुसरी, तिसरी. हुंगर आणि स्टीव्हन इव्हान्स यांनी १९९६मध्ये खडकांच्या अशा २३ मोठ्या दरडी तपासल्या. व्होल्मीची पद्धत आणि आकड्यांची एकच जोडी घेऊन त्यांतल्या बहुतेकींचे पल्ले बऱ्यापैकी जुळले. अभियंत्याला हेच हवं असतं. पुढची दरड अजून झालेली नसते, पण तिच्या जातीच्या दरडी कशा वागल्या त्यावरून तिला आधीच चालवून बघता येतं.

या पद्धतीचा जीव जुन्या दरडींच्या नोंदीत आहे. टोक कुठे होतं, माल किती होता, लोंढा किती जाडीचा होता, हे कुणी लिहूनच ठेवलं नसेल तर संगणक कितीही ताकदीचा असो, त्याला चुकीचाच आकडा मिळणार.

आता मॉडेलची खरी अडचण. २२ मार्च २०१४ला सकाळी १० वाजून ३७ मिनिटांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ओसोजवळचा एक उतार सुटला. उंची जेमतेम १८० मीटर; हिमयुगातल्या वाळूचा आणि चिकणमातीचा डोंगर. खाली स्टिलाग्वॅमिश नदीची उत्तर शाखा, पलीकडे सपाटीवर घरांची वसाहत. हा उतार तिथल्यांच्या ओळखीचा होता. तो २००६मध्येही घसरला होता. तेव्हा माती नदीत येऊन अडली, नदीनं वाट बदलली आणि माणसं घरात राहिली. २०१४मध्ये तोच उतार नदी ओलांडून ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगानं सपाटीवर एक किलोमीटरहून जास्त गेला. ४३ माणसं गेली. उंची भागिले अंतर, ०.१च्या आसपास.

एकच उतार आठ वर्षांच्या अंतरानं इतका वेगळा का वागला? अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतले रिचर्ड आयव्हर्सन यांच्या हाती याच्या उत्तराचा एक धागा आधीपासून होता. ओरेगनच्या जंगलात ९५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद अशी काँक्रीटची एक घसरगुंडी १९९१मध्ये या संस्थेनं बांधली. तिचा उतार ३१ अंशांचा आहे. तिच्यावर माती रचायची, तिला पाणी पाजायचं आणि ती सुटते कशी ते मोजायचं. २००० साली आयव्हर्सन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. मातीत पोकळी निम्मी असेल, म्हणजे ती भुसभुशीत रचलेली असेल, तर सुटल्यावर एका सेकंदात तिचा वेग सेकंदाला एक मीटरच्या वर गेला. तीच माती चोपून पोकळी ०.४वर आणली तर ती थांबत थांबत, सरासरी सेकंदाला दोन मिलिमीटरनं सरकली.

कारण पाण्यात आहे. समुद्रकिनारी ओल्या, घट्ट वाळूवर पाऊल ठेवलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. दाबानं दाणे एकमेकांवर चढतात, मधली पोकळी वाढते आणि पाणी आत ओढलं जातं. घट्ट माती सरकू लागली की तिच्यातही हेच होतं. पोकळी वाढते, पाण्याचा दाब घटतो, दाणे एकमेकांना घट्ट धरतात आणि घसरण स्वतःलाच लगाम घालते. भुसभुशीत मातीत उलट घडतं. दाणे खाली बसतात, पोकळी आकसते, पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि मातीचं वजन दाण्यांऐवजी पाण्यावर येतं. घर्षण जवळजवळ संपतं आणि डोंगर वाहू लागतो.

आयव्हर्सन आणि डेव्हिड जॉर्ज यांनी हे सगळं मॉडेलमध्ये घालून ओसोची दरड चालवली. सुरुवातीच्या पोकळीत अगदी थोडा बदल केला, की तीच दरड शंभरेक मीटर सरकून थांबे. तेवढा फरक कुठल्याही डोंगराच्या पोटात जागोजागी सापडेल आणि तो आधी मोजायला कुणी सगळ्या डोंगराला भोकं पाडू शकत नाही. म्हणून एकच रेष काढून ‘दरड इथवर येईल’ म्हणणारा नकाशा मला धोकादायक वाटतो. मॉडेल शेकडो वेळा, वेगवेगळे आकडे घालून चालवायला हवं. मग प्रत्येक जागेबद्दल सांगता येतं, की इतक्या खेपांपैकी इतक्या वेळा लोंढा इथं पोचला. गावकऱ्यांनाही हे असंच सांगावं. लोकांना शक्यता कळत नाही, हा सरकारी समज खोटा आहे. पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्याला शक्यता चांगली कळते.

आणखी एक गोष्ट साधी मॉडेलं सोडून देतात. लोंढा वाटेतली माती, झाडं, धोंडे खरवडत स्वतः मोठा होत जातो. ३० जुलै २०२४च्या पहाटे केरळच्या वायनाड जिल्ह्यात वेल्लरीमला डोंगराचा माथ्याजवळचा, समुद्रसपाटीपासून सुमारे १५५० मीटर उंचीवरचा भाग सुटला. इस्रोच्या उपग्रह छायाचित्रांत सुटलेलं क्षेत्र सुमारे ८६ हजार चौरस मीटर दिसलं. लोंढा मात्र नदीच्या पात्रातून जवळपास आठ किलोमीटर खाली गेला आणि पुंजिरीमट्टम, मुंडक्कई, चूरलमला ही गावं त्यानं नेली. अडीचशेहून जास्त माणसं मेली. चूरलमलाच्या माणसाला आपल्या घरामागं दरडीचा डोंगर दिसत नव्हता. त्याच्या घरापुढं नदी होती. तो डोंगरापासून लांब होता, लोंढ्याच्या वाटेपासून नव्हता. त्याच डोंगरावर आधीही दरडी झाल्या होत्या. आठ किलोमीटरची वाट आधी चालवून बघायला लागणारी मॉडेलं तोवर बरीच वर्षं वापरात होती, याचं मला वाईट वाटतं.

मॉडेलमधून निघालेली जाडी आणि वेग यांचं पुढे काय करायचं, याचा धडा स्वित्झर्लंडकडून घ्यावा. तिथं गावागावाचे धोक्याचे नकाशे असतात. लोंढा किती जोराचा आणि किती वर्षांतून एकदा येण्याजोगा, या दोन गोष्टींवरून जमिनीला रंग मिळतो. लाल पट्ट्यात नवं घर नाही. निळ्यात अटी घालून. पिवळ्यात माहिती देऊन. चिखलदगडाच्या लोंढ्याची जाडी एक मीटरच्या वर आणि वेगही सेकंदाला एक मीटरच्या वर असेल तर तो जोरदार धरतात. हे आकडे लहान वाटतात, पण घनमीटरला दोन टन वजनाचा चिखल सेकंदाला दहा मीटर वेगानं भिंतीवर आला तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे वीस टनांचा भार येतो. विटांची साधी भिंत त्याच्या कितीतरी आधी कोसळते.

हे कागदी खेळ नाहीत. ग्राउबुंडेन परगण्यातल्या ब्रीन्झ गावाच्या डोक्यावरचा डोंगर सरकत होता. तज्ज्ञांनी वेगवेगळ्या शक्यता मांडून ठेवल्या होत्या. मे २०२३मध्ये गाव रिकामं केलं आणि जूनच्या मध्यात रात्री माल खाली आला. तो शाळेच्या पुढ्यात येऊन थांबला. माणूस एकही गेला नाही.

आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४पासून दरडप्रवण भागाचं १:५०,००० प्रमाणात मानचित्रण केलं. हे काम मोठं आहे आणि त्याशिवाय पुढे जाता आलं नसतं. पण त्याचा प्रश्न आहे उतार कुठे सुटू शकेल हा. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. दोनशे मीटर लांबीची वाडी चार मिलिमीटरमध्ये बसते. तिच्यातली वरच्या अंगाची घरं जाणार आणि खालच्या अंगाची राहणार, हे त्या चार मिलिमीटरमध्ये लिहायला जागा नाही.

माळीणची दरड आठवा. ३० जुलै २०१४, सकाळ. एसटीच्या चालकाला वाटेवरचं गाव दिसेना, म्हणून बाहेरच्या जगाला कळलं. १५१ माणसं. २२ जुलै २०२१ला महाडजवळ तळिये, ऐंशीहून जास्त. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरवस्ती इर्शाळवाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती, असं सरकारनंच तेव्हा सांगितलं. यादी गावांची असते आणि दरड गावाची हद्द बघून येत नाही. ती ज्या घळीतून उतरते त्या घळीची यादी करावी लागते. डोंगराच्या माथ्यापासून खालपर्यंत घळ चालवून बघितली, की कोणती वाडी तिच्या तोंडावर आहे ते आपोआप निघतं. यासाठी ड्रोननं घेतलेले जमिनीच्या उंचीचे बारीक नकाशे लागतात. उपग्रहाच्या तीस मीटरच्या चौकटीत अख्खं घर आणि त्याच्या मागची नाळ एकाच ठिपक्यात जमा होते. लोंढा डावीकडं वळेल की उजवीकडं, हे त्यात कळत नाही.

आणि सह्याद्रीचे आपले आकडे लागतात. आल्प्सच्या चुनखडीचे किंवा कॅनडाच्या खडकाचे आकडे जांभ्याखालच्या लाल मातीला आणि कुजलेल्या बेसाल्टच्या मुरमाला जसेच्या तसे लावणं मला पटत नाही. दर पावसाळ्यात घाटात, कोकणात किती तरी लहान दरडी होतात. कुणी दगावलं नाही तर त्यांची बातमी ‘वाहतूक सुरळीत’ एवढ्यावर संपते. जेसीबी येतो, रस्ता मोकळा होतो आणि हुंगर यांनी ज्या तऱ्हेच्या नोंदींवर मॉडेल उभं केलं ती नोंद डंपरमध्ये भरली जाते.

जेसीबी यायच्या आधी तासाभरात काय मोजता येतं बघा. माथ्याची भेग आणि ढिगाऱ्याचं टोक, दोन्हींची जागा आणि उंची मोबाइलवर. ढिगाऱ्याची रुंदी आणि तीन-चार ठिकाणची जाडी. झाडांच्या बुंध्यांवर चिखलाची रेघ जमिनीपासून किती वर आहे, ते. ओढ्याला वळण असेल तर आणखी सोन्यासारखी गोष्ट मिळते. लोंढा वळताना बाहेरच्या काठावर जास्त चढतो आणि दोन्ही काठांवर चिखलाच्या रेघा सोडून जातो. वळणाची त्रिज्या ५० मीटर, पात्राची रुंदी २० मीटर आणि दोन रेघांच्या उंचीत फरक ४ मीटर असेल, तर हिशेब सेकंदाला जवळपास १० मीटर वेग देतो. या मापांना महागडं यंत्र लागत नाही. टेप, दोन माणसं आणि वही पुरते. तलाठ्याच्या पंचनाम्यात किती घरं पडली, किती जनावरं गेली, याचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी हे पाच-सहा रकाने घातले, तर दहा पावसाळ्यांत सह्याद्रीच्या प्रत्येक तालुक्यात मॉडेलला खायला घालण्याइतक्या दरडी जमा होतील. मात्र रेघा पहिल्या मोठ्या सरीत धुऊन जातात, म्हणून हे रकाने दरड झाली त्याच दिवशी भरायला हवेत.